पाळ कोण बांधणार? डिजिटल हक्कांचा एक आढावा, कटंगीहून

बावनथडी नदीच्या अलीकडे मध्य प्रदेशाचा खसरा, पलीकडे महाराष्ट्राचा सातबारा. अलीकडे पटवारी, पलीकडे तलाठी. अलीकडे गिरदावरी, पलीकडे ई-पीक पाहणी. मध्य प्रदेशात कुटुंबाला आठ आकडी आणि माणसाला नऊ आकडी समग्र आयडी लागतो. महाराष्ट्रात त्याचे नावही कुणी घेत नाही. माणसे मात्र एकाच गोतावळ्यातली. कटंगीच्या लेकी तुमसर-गोंदियात दिलेल्या, तिकडच्या सुना इकडे आलेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि कटंगी ज्यात येते तो आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आम्ही ही सीमा जगत आलो आहोत. कागदाची सीमा निदान समजत होती. पटवाऱ्यापुढे उभे राहून वाद घालता येत होता. संगणकाच्या सीमेशी वाद कसा घालायचा, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

कटंगीच्या बाजारात ऑनलाइनची दुकाने आहेत. धानाचे पंजीयन, केवायसी, जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, सगळे तिथेच होते. तिथे सतत कानावर पडणारे वाक्य एकच: ‘सिस्टम घेत नाही.’ ‘काळे’ हे आडनाव हिंदीच्या सवयीने ‘काले’ होते, इंग्रजीत त्याची आणखी दोन रूपे होतात; मग आधारवर एक, समग्रवर दुसरे आणि बँकेत तिसरे. नव्या सुनेचे नाव तिकडून कमी होत नाही तोवर इकडे चढत नाही. म्हातारीच्या बोटांच्या रेषा रोवणी-निंदणीत झिजलेल्या. यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. दुकानातला पोरगा वाईट नसतो. त्याच्या हातात काही नसते, एवढेच. पडद्यावर जे येते ते तो वाचून दाखवतो.

सॉफ्टवेअर स्वातंत्र्य, खुली मानके, नेट समानता, खाजगीपणाचा हक्क हे शब्द दिल्ली-बंगळुरूच्या सभागृहांतले वाटतात. पण गेल्या चाळीस वर्षांतले हे सारे वाद त्या एका वाक्याभोवतीच फिरत आले आहेत. सिस्टम कुणाची? तिला प्रश्न कुणी विचारायचा? आणि ती चुकली, तर दुरुस्त कोण करणार?

हे मोजायला आमच्याकडे एक जुने माप आहे, तलाव. भंडारा-गोंदिया-बालाघाटचा हा धानाचा पट्टा तलावांवर उभा राहिला. भंडाऱ्याकडच्या कोहळी समाजाची तलाव बांधण्यात ख्याती होती. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. मालगुजारीत जुलूम होताच आणि १९५० च्या कायद्याने ती गेली हे योग्यच झाले. तलाव सरकारचे झाले. ‘माजी मालगुजारी’वरून लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. पण मालकी बदलताना पाळ बांधण्याची, गाळ काढण्याची रीतही मोडली आणि कितीतरी तलाव गाळाने भरत गेले. पाळ कोण दुरुस्त करते, पाणी कुणाला मिळते आणि वाटपाचा हिशेब कुणाला पाहता येतो, हे तीन प्रश्न तलावाला विचारायचे असतात. संगणकाच्या जगालाही तेच तीन प्रश्न विचारू.

अडकलेला कागद

सॉफ्टवेअर स्वातंत्र्याची गोष्ट दुरुस्तीपासूनच सुरू होते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. तिथल्या जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यांना आपोआप निरोप जाईल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले, पण त्याची मूळ संहिता मिळाली नाही. सॉफ्टवेअर माणसाला वाचता येईल अशा ओळींत लिहिले जाते. त्या ओळी म्हणजे मूळ संहिता. ती नसेल तर बिघाड दिसतो, पण हात घालता येत नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामागचे तत्त्व चार मुभांत मांडले गेले: सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवणे, वाचून बदलणे, दुसऱ्याला देणे आणि बदललेले रूपही देणे. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. घेतलेले पुढे खुलेच ठेवावे, ही त्याची अट. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज कटंगीत ज्याच्या खिशात ॲण्ड्रॉइड फोन आहे, त्याच्या खिशात हा गाभा आहे.

भारतात सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणली. २०१० मध्ये केंद्राचे खुल्या मानकांचे धोरण आले. मार्च २०१५ च्या धोरणाने सरकारी कामांत मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्यावी आणि निविदेत त्याचा विचार टाळला तर कारण द्यावे, असे ठरवले. धोरण चांगले आहे. पण कारण कोण तपासणार, हे नेमके नसले की चांगले धोरणही फायलीतच राहते. केरळने वेगळी वाट धरली. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून तिथल्या शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या आणि सोबत शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले. शाळेतला संगणक अडला तर पहिला हात शिक्षकाचा. केरळचे यश मला त्या हातात दिसते.

पेटंटचा वाद याच प्रश्नाचा कायदेशीर पदर आहे. २००२ च्या दुरुस्तीने आपल्या पेटंट कायद्यात कलम ३ (के) आले: निव्वळ संगणक प्रणालीवर पेटंट नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही चौकट सैल करू पाहिली. २००५ मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेतून तीच वाट पुन्हा उघडली, आक्षेप आले आणि डिसेंबरात मार्गदर्शिका थांबली. २०१६ आणि २०१७ मध्ये तिची आणखी रूपे निघाली. युक्ती लिहिणाऱ्याला आपल्या लिखाणावर हक्क असावाच. पण युक्तीलाच कुंपण घातले तर बालाघाटच्या कॉलेजातल्या पोराने स्वतःच्या डोक्याने लिहिलेली ओळही कुणाच्या तरी मालकीची निघेल.

अक्षरांचे कुलूप

मराठी माणसाला बंद सॉफ्टवेअरचा सर्वांत जवळचा अनुभव अक्षरांतून आला. सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि तिच्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकावर भारतीय लिप्या उभ्या केल्या. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावर बेतलेली होती. म्हणजे सर्वांना समान असा पाया तेव्हापासून होता.

पण छापखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षे वेगवेगळे फॉण्ट चालले: महाराष्ट्रात श्री-लिपी आणि शिवाजी, हिंदी पट्ट्यात कृतिदेव. यांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तोच फॉण्ट समोरच्याकडे नसेल, तर आख्खा अर्ज निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन उघडे. कटंगीत हिंदी अर्ज एका फॉण्टात टंकला जाई, तर तुमसरहून येणारी पत्रिका दुसऱ्या. लिपी एक असून मजकूर एकमेकांना वाचता येत नसे. अशा मजकुरात शोध घेता येत नाही, तो अकारविल्हे लावता येत नाही. त्या काळात टंकलेल्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या आणि स्मरणिकांच्या फायली आज उघडत नाहीत. बंद रचना कधीकधी काळालाही बंद करते.

हे कुलूप दोन गोष्टींनी उघडले. युनिकोड हे खुले मानक सर्वत्र पोचले आणि मुक्त फॉण्ट आले. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉण्ट मुक्त केले. त्यांची देखभाल पुण्यातून झाली. पुढे मुंबईच्या एक टाइपने मुक्ता आणि बलू हे फॉण्ट खुल्या परवान्याने दिले. त्याचे मोल मराठीला अधिक आहे. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून निराळा, ‘दऱ्या’मधला अर्धा र हिंदीत नाही, ळ हिंदीच्या रोजच्या व्यवहारात नाही. बंद फॉण्टात ही वळणे हवी असतील तर कंपनीची वाट पाहावी लागते. खुल्या फॉण्टात जाणकार माणूस ती स्वतः घालू शकतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच पायावर उभा आहे. मध्य प्रदेशातल्या सरकारी नोकरीसाठीच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखन आता युनिकोडात होते, हा मोठाच बदल. मात्र बालाघाट-छिंदवाडा-बैतूलच्या मराठी माणसाचा ळ अजून तपासणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

वाट सगळ्यांची

पाणी कुणाला मिळते, हा दुसरा प्रश्न. डिसेंबर २०१४ मध्ये एका मोठ्या मोबाईल कंपनीने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे लावायचे जाहीर केले आणि विरोध होताच मागे घेतले. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने लोकांची मते मागवली. दहा लाखांहून अधिक पत्रे ई-मेलने गेली. पुढे फेसबुकची फ्री बेसिक्स योजना आली: ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकी पैशाने. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे तरी मिळेल, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उत्तर असे होते की पाटाचे पाणी फुकट देऊन कोणत्या बांधीत जायचे हे देणाऱ्याने ठरवले, तर पुढे पीकही तोच ठरवील. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून दर वेगळा लावण्यास बंदी केली. जुलै २०१८ मध्ये केंद्राने नेट समानतेची तत्त्वे मान्य केली. सामान्य माणसांच्या पत्रांनी धोरण बदलल्याचे हे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेड्यांत पोचला. वाट सर्वांसाठी सारखी ठेवण्याचा निर्णय त्याआधी झाला, हे आपले भाग्य.

वाट सारखी असली तरी ती अचानक बंद होऊ शकते. इंटरनेट बंद करण्याचे नियम २०१७ मध्ये आले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सांगितले. तरीही ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीत भारत लागोपाठ अनेक वर्षे जगात पहिला राहिला. अफवेने जीव जातात, ही प्रशासनाची भीती खरी आहे. पण आज भाजीवालीचा गल्ला, रेशनचे यंत्र आणि मजुरीचा निरोप एकाच तारेवर आहेत. ती तार तोडताना लेखी कारण आणि मुदत मागणे हा हट्ट नव्हे.

बोलण्याच्या हक्काचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्रातूनच आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त पसंती दर्शवली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ तिथे वापरले गेले. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. आणि तरीही २०२१ मध्ये न्यायालयाला कळले की पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवणे चालूच आहे. कायद्याच्या पुस्तकातली दुरुस्ती ठाण्यातल्या नोंदवहीपर्यंत पोचली नव्हती.

अंगठा आणि नोंदवही

हिशेब कुणाला पाहता येतो, हा तिसरा प्रश्न आणि तो आधारपासून सुरू होतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही, त्यांना ओळख मिळावी, हा हेतू मोलाचा होता. पुढे तोच क्रमांक रेशन, बँक, मजुरी, मोबाईल या सर्वांच्या दाराशी उभा राहिला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये त्याला आव्हान दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

या निकालाला आमच्या शेजारच्या शहराचा संदर्भ आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने नागरिकाचे न्यायालयात दाद मागण्याचे दार बंद केले होते, न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. त्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल गंभीर चुकीचा असल्याचे लिहिले आणि तो रद्द झाला. एक्केचाळीस वर्षे लागली. पण न्यायालयाला आपली चूक दुरुस्त करता आली, कारण तिची मूळ संहिता, म्हणजे निकालपत्र आणि त्यातले विरोधी मत, सर्वांना वाचायला खुली होती.

२६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायदा चार विरुद्ध एक मताने टिकला. खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद मात्र गेली. अंगठा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, हेही त्या निकालातून निघते. हे वाक्य प्रत्येक रेशन दुकानाच्या भिंतीवर मराठीत, हिंदीत आणि गोंडीत लिहायला हवे.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला. आपली माहिती कशासाठी घेतली हे विचारण्याचा आणि ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात आहे. पण सरकारी यंत्रणांना मोठी सूट देण्याची सोयही आहे, आणि माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीचे कलम त्याने असे बदलले की तेथली जनहिताची अट निघाली. मजुरांची आणि लाभार्थ्यांची यादी गावात मोठ्याने वाचली जाई, त्यातून खोटी नावे पकडली जात. आता अशी यादीही वैयक्तिक माहिती म्हणून नाकारता येईल. नागरिक सरकारला पारदर्शक दिसावा आणि सरकार नागरिकाला धूसर, असे पारडे झुकता कामा नये.

ॲप मागते, माणूस देतो

गेल्या काही वर्षांत हक्कांचा सर्वांत कडवा प्रश्न गावातल्या कामकरी बायांनी मांडला. मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. महाराष्ट्रात तेव्हा त्याची भाषा इंग्रजी होती, हातातले सरकारी फोन कमी क्षमतेचे, वारंवार बंद पडणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन परत केले. त्यांचे म्हणणे तंत्रज्ञान नको असे नव्हते. आम्ही लिहितो ते आमच्या भाषेत असू द्या आणि बिघाडाचा भुर्दंड आमच्यावर टाकू नका, एवढेच होते. माझ्या लेखी ही महाराष्ट्रातल्या डिजिटल हक्कांच्या चळवळीची फार महत्त्वाची तारीख आहे. लसीकरणाच्या कोविन संकेतस्थळाचेही तसेच झाले: आधी इंग्रजी, आणि ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीवर बोट ठेवल्यानंतर जूनमध्ये मराठीसह इतर भाषा.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवरून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. खोटी हजेरी थांबावी हे बरोबरच. पण फोटो चढला नाही, तर झालेल्या कामाची मजुरी अडते. कागदी हजेरीपटावर चूक झाली तर मजूर बोट ठेवून दाखवू शकत असे. ॲपमध्ये बोट कुठे ठेवायचे?

दुसरी बाजू

कागदाचा काळ सोन्याचा नव्हता. नक्कल मिळवायला पैसे मोजावे लागत, मेलेल्यांच्या नावाने धान्य उचलले जाई, म्हातारपणाची पेन्शन मधल्या हातांत गळे. आज ती थेट खात्यात येते, हा सन्मान आहे आणि तो घालवायचा नाही. खुले म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या मुक्त प्रणालीत हार्टब्लीड हा दोष सापडला. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची कुलपे तिच्यावर अवलंबून होती आणि तिची देखभाल मोजकीच माणसे करत होती. पाणी सारे गाव पीत होते, पाळ कुणी पाहत नव्हते. उलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष बदलाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडले. आपल्या विमानतळांवर प्रवासपत्रे हाताने लिहावी लागली. बंद असो वा खुले, दुरुस्तीची व्यवस्था आधी करून ठेवली नाही तर दोन्ही फुटतात. फरक इतकाच की खुल्या प्रणालीत बाहेरच्या माणसालाही माती टाकता येते. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या ॲण्ड्रॉइड ॲपची संहिता खुली झाली. आक्षेप घेणाऱ्यांची ती मागणी होती, आणि ती मान्य करून सरकारने काहीही गमावले नाही.

कटंगीतून काय मागावे

‘सिस्टम घेत नाही’ याचे उत्तर लेखी मिळावे: काय घेतले नाही, का, आणि दुरुस्त करणारा अधिकारी कोण. यंत्र अडले तर वहीवर नोंद करून लाभ द्यावा. सार्वजनिक पैशाने बनलेल्या प्रणालीची संहिता सार्वजनिक असावी. युरोपातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच मागणी २०१७ मध्ये मोहीम म्हणून मांडली. सीमेवरच्या जिल्ह्यांत नावाचा ळ टिकावा, आणि दोन राज्यांच्या नोंदी खुल्या मानकांनी एकमेकींना वाचता याव्यात. बावनथडीच्या राजीव सागर धरणाचे पाणी बालाघाट आणि भंडारा वाटून घेतात. दोन्ही राज्यांनी बसून ठरवले म्हणून ते शक्य झाले. सुनेच्या नावाची नोंद पाण्याहून अवघड नाही.

आणि हात तयार करावे लागतील. ऑनलाइनच्या दुकानातला पोरगा, अंगणवाडीची ताई, कॉलेजात संगणक शिकणारी मुलगी, यांना फक्त भरायचे खाने न शिकवता खान्यामागे काय आहे हेही शिकवले पाहिजे. मामा तलावांनी आम्हाला तेच शिकवले आहे. पावसाळ्यात पाळीला भगदाड दिसले की जो आधी पाहतो तो टोपले घेऊन धावतो, कारण माती कुठे टाकायची हे त्याला ठाऊक असते. आमच्या नावाची, अंगठ्याची, मजुरीची पाळ आता संगणकात आहे, आणि तिथे माती कुठे टाकायची हे गावात फारच थोड्यांना माहीत आहे. ते माहीत करून घेणे आणि शेजाऱ्याला सांगणे, हे आमच्या पिढीचे श्रमदान आहे.